व्हीलचेअरची शर्यत आणि घरखर्चातली बचत

आपल्या शाळेत शर्यती नवीन नाहीत. क्रॉस कंट्री, रिले, अडथळ्यांची शर्यत हे सगळे वर्षभर चालूच असते. पण व्हीलचेअरची शर्यत घेऊ या म्हटले की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले, ‘खर्च फार येईल.’ दुसरे, ‘त्यांना उगाच त्रास होईल.’ मागच्या सत्रात आमच्या हाऊसने माजी सैनिकांसोबत अशी शर्यत घेतली, तेव्हा ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत हे आम्हाला कळले. दुसऱ्या शाळांतल्या कॅडेटनाही करता यावी म्हणून तिची पद्धत इथे लिहीत आहे.

हा खेळ मुळात सैनिकांचाच

दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन उपचार करत होते. खेळ हासुद्धा उपचार आहे असे ते मानत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पॅरालिंपिक भरले. १९६४ मध्ये टोकियोला व्हीलचेअरची धाव सुरू झाली.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे ईएमईचे जवान मुरलीकांत पेटकर. ते सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. आजही खडकी आणि मोहाली येथे अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्रे आहेत. म्हणून ही शर्यत घेणे म्हणजे कोणावर उपकार नाहीत. आपल्याच परंपरेतली ती गोष्ट आहे.

आधी विचारा, मग आखा

माझे काका हवालदार होते. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर ते व्हीलचेअर वापरतात. मी त्यांना विचारले, “काका, तुम्ही याल का? मी मागून खुर्ची धरीन.” ते म्हणाले, “धरायची नाही. तूही खुर्चीत बस आणि हरवून दाखव.” आमचा पहिला नियम तिथेच ठरला. स्पर्धकाने सांगितल्याशिवाय त्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही. खुर्ची हा त्याच्या शरीराचाच भाग समजायचा.

दुसरा नियम असा, की कॅडेटने खुर्चीत बसून लंगडण्याचे किंवा आजारपणाचे सोंग करायचे नाही. गंमत शर्यतीची करायची, माणसाची नाही.

मैदान आणि सुरक्षा

गवतावर खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. म्हणून सपाट काँक्रीट किंवा डांबरी जागा घ्यावी. आम्ही परेड ग्राउंड घेतले. प्रत्येक लेन दोन मीटर रुंद आखली आणि अंतिम रेषेपुढे थांबायला दहा मीटर मोकळे ठेवले. सुरुवातीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात: ब्रेक, चाकांतली हवा, कमरेचा पट्टा आणि पायटेकू. लॅनयार्ड किंवा मफलर गळ्यात नको, तो आऱ्यांत अडकतो. हातमोजे घालावेत, नाहीतर तळहाताला फोड येतात.

काही गोष्टी डॉक्टरांकडूनच समजल्या. कण्याच्या दुखापतीमुळे अनेकांना कमरेखाली स्पर्श कळत नाही. पाय पायटेकूवरून घसरून जमिनीला घासला तरी त्यांना वेदना होत नाही, म्हणून पंचाने पायांकडे लक्ष ठेवावे. दुखापत मानेजवळ असेल तर खालच्या अंगाला घामही नीट येत नाही आणि शरीर लवकर तापते. त्यामुळे शर्यत सकाळीच घ्यावी, सावली आणि पाणी जवळ असावे. एकाच जागी फार वेळ बसून जखमा होतात, म्हणून भाषणे लांबवू नयेत!

गमतीच्या शर्यती

१. सरळ धाव, ५० मीटर. सगळ्यांचा वेग सारखा नसतो, म्हणून आधी प्रत्येकाची वेळ घ्यावी. समजा एकाला ५० मीटरला २० सेकंद लागतात आणि दुसऱ्याला २५. दुसरा २० सेकंदांत ४० मीटर जातो. त्याला १० मीटर पुढून सोडले की लढत बरोबरीची होते.

२. नागमोडी शर्यत. वाळू भरलेल्या बाटल्या दोन-दोन मीटरवर ठेवाव्यात. बाटली पडली की दोन सेकंद वाढवायचे.

३. पाण्याचा पेला. मांडीवर ताट, त्यात काठोकाठ भरलेला पेला. शेवटी ज्याच्या पेल्यात जास्त पाणी, तो विजयी. इथे घाई करणारे हरतात. आमच्याकडे सगळ्यांत जास्त हशा याच शर्यतीला झाला, आणि पहिले तीनही क्रमांक माजी सैनिकांनी नेले.

४. जोडीची रिले. एक माजी सैनिक, एक कॅडेट. दोघेही खुर्चीत, हातात एकच रुमाल.

कॅडेटनी आधी आठवडाभर सराव करावा. चाकाची कडी वरून धरून पुढे लोटायची आणि खाली आल्यावर सोडायची. झटका दिला तर खुर्ची मागे कलंडू शकते, म्हणून सरावात मागे एक जण उभा असावा.

खर्च कुठे होतो?

माजी सैनिक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. कॅडेटसाठी दोन एमआय रूममधून मिळाल्या, बाकीच्या ओळखीच्या घरांतून मागून आणल्या. लेन चुन्याने आखल्या. पदके पुठ्ठा आणि रंगीत फितींची केली. बाटलीबंद थंड पेयांऐवजी मेसमधून लिंबू सरबत आले.

मग पैसे लागले कशाला? येण्याजाण्याला. साध्या बसमध्ये खुर्चीसह चढता येत नाही, टेम्पो किंवा मोठी गाडीच करावी लागते. काका म्हणाले, “बोलावणी पुष्कळ येतात रे. पण गाडीभाडं परवडत नाही, म्हणून आम्ही घरीच बसतो.” म्हणून मी सांगेन, ट्रॉफीवर पैसा घालवू नका, गाडीवर घाला.

दुसरा खर्च उताराचा. पायरी जितकी उंच, त्याच्या बारा पट लांब उतार लागतो. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटरची फळी. सुताराकडून जाड प्लायवूडची अशी फळी करून घेतली, ती आता शाळेत कायम उपयोगी पडते.

घरखर्चातून निधी

वर्गणी मागायची नाही असे आम्ही ठरवले. सुट्टीत प्रत्येकाने घरातली एक गळती शोधायची, महिनाभर मोजायची आणि तेवढेच पैसे आणायचे. माझ्या घरचा हिशेब देतो. बाथरूममध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब होता, तिथे ९ वॅटचा एलईडी लावला. ५१ वॅट वाचले. रोज पाच तास धरले तर महिन्याला ७.६५ युनिट. युनिटला सात रुपये धरले तर सुमारे ५३ रुपये. चाळीस जणांनी पन्नास-पन्नास रुपये आणले तरी दोन हजार होतात.

इतरांनी वेगवेगळे उपाय केले. राजमा, छोले रात्री भिजवले की कुकर कमी वेळ लागतो आणि गॅस वाचतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी थोडी वीज खातो, म्हणून भिंतीवरचे बटण बंद करावे. गळणाऱ्या नळाखाली रात्रभर बादली ठेवून पाणी मोजले, की वॉशर बदलायला कोणी आळस करत नाही. पंखा मात्र बचतीसाठी घाईने बदलू नये. जुना बिघडला की कमी वॅटचा घ्यावा.

माझी आई एवढेच म्हणाली, “भाजीवालीशी घासाघीस करून पैसे वाचवू नकोस. आपल्या निष्काळजीपणाने वाया जातात, ते वाचव.” आम्ही हाच नियम सगळ्यांसाठी ठेवला. जेवण, औषध आणि घरकामाच्या मावशींचा पगार यांतून बचत करायची नाही.

पालकांना विनंती आहे, की पुढच्या सुट्टीत वीजबिल मुलांच्या हातात द्या आणि हिशेब त्यांना करू द्या. आणि कॅडेट मित्रांनो, सराव आजपासून करा. सरळ धावेत काकांनी मला चार खुर्च्यांच्या अंतराने हरवले आहे, आणि पुढच्या वर्षीही येतो म्हणाले आहेत. गाडीची सोय आपण करायची.

जय हिंद!