निर्णयापूर्वीची हरकत

इंग्लंड-वेल्समध्ये अपंगांसाठी २०१३ साली 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' हा भत्ता सुरू झाला. त्यात तपासणारा केवळ अहवाल धाडतो, निर्णय सरकारी अधिकारी देतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. दैनंदिन कामांत ८ गुण पडले तर भत्ता. ७ पडले तर त्या सदराखाली छदामही नाही! अहवालात 'स्वयंपाक करते' एवढेच लिहिले असेल; पण तो सुरक्षितपणे, वाजवी वेळात, पुन्हापुन्हा जमतो का, हे कायदा विचारतो. निर्णयानंतर फेरविचार मागण्यास महिना मिळतो खरा. आम्हांस मात्र आधीचेच दिवस मोलाचे वाटतात. खात्याला दूरध्वनी करून अहवालाची नक्कल मागावी, चूक लेखी कळवावी, डॉक्टरांचे पत्र जोडावे. आणि तेही लगोलग, कारण अधिकारी आपल्यासाठी थांबेलच असे नाही.