घरी व्हॉल्व बदलायचं काम घ्याल, तर हेड उघडण्याआधी हे ठरवा

व्हिडिओत आपण मोटारसायकलचं हेड उतरवलं. तोच क्रम आणि त्यामागचा हिशोब इथे लिहून देतोय.

कोलाडात घरच्या पडवीत गॅरेज टाकलंत, तर गिऱ्हाईक कोण? धाटाव एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, गाडीवर मासळी फिरवणारा. त्याची गाडी बंद म्हणजे त्याचा खाडा. काम उलटून आलं, तर मजुरी तुमच्या खिशातून जाते, आणि नाव जातं ते वेगळंच.

१. दुखणं ओळखा
किकला दाब लागत नाही? आधी टॅपेट तपासा. टॅपेट घट्ट असला तरी व्हॉल्व पूर्ण बसत नाही. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून किक मारा. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्वचा.

२. भाव आधी बोला
गाईड ढिला असेल, तर नवा व्हॉल्वही नीट बसणार नाही. गाईड बदलणं आणि सीट कापणं हे लेथवाल्याचं काम. "हेड उघडल्यावर ते निघालं तर खर्च वेगळा," हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. जुना पार्ट त्याच्या हातात द्या.

३. घरचं काम
इंजिन थंड हवं. टायमिंगच्या खुणा जुळवा, चेन तारेने बांधा, नाहीतर ती खाली पडते. हेडचे बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे सैल करा. इनटेक आणि एक्झॉस्टचे पार्ट वेगळ्या डब्यांत ठेवा. मॅन्युअलमध्ये मनाई नसेल, तर बारीक पेस्टने व्हॉल्व घासा, सीटवर सगळीकडे सारखी करडी रेघ दिसेपर्यंत. मग पेस्ट पूर्ण धुवा. राहिली तर सिलिंडर खाते. व्हॉल्व सील आणि गॅस्केट नवीनच टाका.

४. पावती देण्याआधी
स्प्रिंग बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून पाच मिनिटं थांबा. व्हॉल्वच्या कडेने ओल आली, तर हेड बसवू नका. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. किक मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं, तर जोर न लावता टायमिंग पुन्हा बघा. शेवटी टॅपेट फीलर गेजने लावा.

ही पाच मिनिटांची चाचणी गिऱ्हाइकासमोर करा. लोक पैसे देतात ते गाडी पुन्हा बंद पडू नये म्हणून. ते समोर दिसलं, की पुढचं गिऱ्हाईक तोच घेऊन येतो.