लाकडी भिंतीला ‘जुना लूक’ हवाय? आधी रंगाचे वय पाहा

रंगवलेली लाकडी भिंत घासून तिला जुनाट रूप देण्याची फॅशन आहे. पण भिवंडीसारख्या जुन्या शहरातील लाकडी घरांत पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी खालचा रंग कधीचा आहे, हे पाहायला हवे.

धोका कशाचा?
जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीचा रंग कोरडा घासल्यास शिशाची धूळ श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला त्यामुळे होणारी हानी भरून येत नाही.

मग काय करावे?
जुना रंग पक्का असेल तर तो घासू नका. त्यावर प्रायमर आणि गडद रंगाचा हात द्या. वाळल्यावर कडा-कोपऱ्यांवर मेणबत्ती घासा, वरून फिकट रंग लावा. मेणावर रंग धरत नाही. तिथे हलकेच खरवडले की खालचा गडद रंग डोकावतो.

जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर भिंत ओली करूनच काम करा, मुलांना आणि गर्भवतींना दूर ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्यामुळे दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.