निर्हस्तक्षेपी भांडवलशाहीचे नैतिक समर्थन

उत्पादन, विनिमय व करार यांत शासनाने ढवळाढवळ करू नये. बळजबरी व फसवणूक यांपासून नागरिकांचे रक्षण करावे आणि करारांचे पालन होईल एवढेच पाहावे, ही भूमिका म्हणजे निर्हस्तक्षेपवाद होय. तिचे आर्थिक समर्थन कार्यक्षमतेवर आधारलेले असते. नैतिक समर्थन त्याहून निराळे आहे : मुक्त व्यवहाराने संपत्ती वाढली नाही, तरी माणसाला मोकळे ठेवणेच न्याय्य होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. ॲडम स्मिथला (१७२३–९०) या पंथाचा आद्यपुरुष मानण्याचा प्रघात अर्धाच खरा आहे. संरक्षण व न्याय यांखेरीज सार्वजनिक बांधकामेही त्याने शासनाकडे सोपविली होती.

या समर्थनाचे मूळ जॉन लॉकच्या (१६३२–१७०४) मालमत्ताविचारात आढळते. मनुष्य स्वतःच्या देहाचा व श्रमाचा स्वामी असल्याने, कोणाच्याही नसलेल्या वस्तूत श्रम घालून तो ती आपली करतो. मात्र इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहावे, ही लॉकची अट पुढील समर्थकांना सतत अडचणीची ठरली. हर्बर्ट स्पेन्सरने सोशल स्टॅटिक्समध्ये (१८५१) समान स्वातंत्र्याचा नियम मांडला. त्याच नियमानुसार जमिनीची खाजगी मालकी त्याने अन्याय्य ठरविली, हे मत त्याने पुढे सोडले.

विसाव्या शतकात रॉबर्ट नोझिकने (१९३८–२००२) या विचाराला सर्वांत काटेकोर रूप दिले. समान वाटणी झालेल्या समाजात प्रेक्षकांनी एखाद्या नामवंत खेळाडूला स्वेच्छेने पैसे दिले, तर विषमता निर्माण होईल. पण तीत अन्याय कोणावर झाला? समानता टिकवावयाची, तर लोकांच्या व्यवहारांत सतत हात घालावा लागेल. यावरचा मुख्य आक्षेप असा, की उपाशी माणसाची संमती खऱ्या अर्थाने स्वेच्छेची नसते.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. बिहारच्या १८७३-७४ मधील दुष्काळात सरकारने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून मोठी जीवितहानी टाळली आणि त्या खर्चाबद्दल टीका ओढवून घेतली. नंतर १८७६–७८ च्या दुष्काळात लिटनच्या सरकारने धान्यव्यापारात हस्तक्षेप न करण्याचे धोरण अवलंबिले. देशातून धान्याची निर्यात चालू असताना दख्खन व मद्रास भागांत लक्षावधी माणसे दगावली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, अर्थशास्त्राचे हे सिद्धांत सर्व देशकालांना सारखेच लागू होतात, हे गृहीतच अमान्य केले.