वृद्धाश्रमातील हेळसांड आणि तक्रारीचा मार्ग : सातारा–सांगली परिसराच्या अनुषंगाने

'नर्सिंग होम' हा शब्द मराठीत रुळून बराच काळ लोटला. परंतु इंग्लंड-अमेरिकेत त्याला जो अर्थ आहे तो त्याच्याबरोबर आपल्याकडे आला नाही. तिकडे तो अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या कायम निवासाचा वाचक आहे. साताऱ्यात वा मिरजेत तो डॉक्टरांच्या खाजगी रुग्णालयाचा वाचक होय. तिकडील अर्थाच्या संस्थांना आपण 'वृद्धाश्रम' म्हणतो, आणि अलीकडे 'शुश्रूषा केंद्र' असेही म्हणू लागलो आहोत. हा भेद केवळ कोशकारांच्या चिंतेचा नाही. अशा संस्थेत एखाद्या वृद्धाची हेळसांड होत असल्याची शंका आली, तर ती कोणत्या अधिकाऱ्यापुढे मांडावयाची, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. ज्या संस्थेला कायद्यात नेमके नाव नाही, तिच्याविरुद्धच्या तक्रारीलाही नेमके दार नसते.

सातारा व सांगली हे जिल्हे एके काळी एकाच प्रशासनाखाली होते. 1949 मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. दोहोंत एक साम्य मात्र आजही टिकून आहे : कर्ती माणसे परगावी आणि म्हातारी माणसे गावी. पाटण-जावळीकडील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईस जात आले. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या धंद्यानिमित्त भारतभर पसरले. घरी सून नाही, शेजारीही वृद्धच, अशा स्थितीत पक्षाघात झालेल्या आईला संस्थेत ठेवणे हे निष्ठुरपणाचेच लक्षण मानण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो की, मुलाची भेट गावच्या यात्रेला किंवा गणपतीला घडते आणि मधल्या काळात त्या वृद्धेला रोज पाहणारी माणसे म्हणजे संस्थेतील मदतनीस बाई, आठवड्याने येणारा डॉक्टर आणि शेजारच्या खाटेवरील रुग्ण. दुर्लक्ष झाले तर ते प्रथम यांनाच दिसणार. म्हणून प्रश्न असा की, या तिऱ्हाइताला कायदा काही स्थान देतो काय?

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 हाच या विषयावरील मुख्य कायदा, अशी समजूत सार्वत्रिक आहे. महाराष्ट्रात तो 2009 पासून अमलात आला आणि त्याखालील नियम 2010 मध्ये झाले. या कायद्याची सारी रचना मुलगा आणि बाप यांच्यातील वादाभोवती उभी आहे. प्रांताधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे अर्ज करावयाचा तो निर्वाहासाठी, आणि प्रतिपक्ष म्हणजे अपत्य किंवा वारस ठरू शकणारा नातेवाईक. अर्जदार असमर्थ असल्यास त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. परंतु वृद्धाश्रमाचा चालक येथे प्रतिपक्ष होत नाही. कलम 24 मध्ये शिक्षा आहे खरी, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ती वृद्धास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठे तरी सोडून जाणाऱ्यास. खाटेला बांधून ठेवणारा, वेळेवर पाणी न देणारा त्या शब्दांत बसत नाही. हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकाकी राहणाऱ्यांची, यादी पोलीस ठाण्याने ठेवावी, हा नियमही घरी राहणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला दिसतो. संस्थेत पोहोचलेला वृद्ध सुरक्षित झाला, असे जणू गृहीतच धरले आहे. वृद्ध-निवासांच्या नोंदणीची तरतूद करू पाहणारे दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु सभागृहाची मुदत संपताच तेही संपले.

खरे दार अन्यत्र आहे, आणि ते ज्येष्ठांच्या नावाने उघडलेले नसल्याने सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 7 प्रमाणे, दिव्यांग व्यक्तीचा छळ, तिच्यावर हिंसा किंवा तिचे शोषण झाले आहे, होत आहे अथवा होण्याचा संभव आहे असे मानण्यास ज्या कोणास सबळ कारण असेल, तो कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवू शकतो. 'ज्या कोणास' हे शब्द महत्त्वाचे होत. कळवणारा नातेवाईक असण्याची गरज नाही, आणि त्या वृद्धाने त्यास अधिकार दिलेला असण्याचीही नाही. माहिती मिळाल्यावर तो प्रकार थांबवण्यासाठी तत्काळ पावले उचलणे, त्या व्यक्तीची सुटका व संरक्षण यांविषयी आदेश देणे हे दंडाधिकाऱ्याचे काम. सवलतींसाठी लागणारी चाळीस टक्क्यांची मर्यादा या कलमात नाही. पक्षाघाताने लुळी पडलेली किंवा दृष्टी गेलेली वृद्ध व्यक्ती दीर्घकालीन अपंगत्वाच्या व्याख्येत सहज येते. आणि कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे कोणी दूरस्थ न्यायाधीश नव्हे. वाई, कराड, विटा, जत येथील तहसीलदारच तो अधिकार चालवतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 आणखी एक पाऊल पुढे जातो. विचार, दिशाभान वा स्मृती यांतील गंभीर बिघाड त्याच्या व्याख्येत आहे. अशा रुग्णास सांभाळण्याची जबाबदारी असणाऱ्याकडून त्याचा छळ वा हेळसांड होत असल्याचे ज्यास वाटेल, त्याने पोलीस ठाण्यास कळवले पाहिजे, असे कलम 101 सांगते. येथे 'कळवू शकतो' नसून 'कळवील' आहे. कलमाच्या शीर्षकात खाजगी निवासाचा उल्लेख असल्याने संस्थांना ते लागू होते की नाही, असा वाद वकील उपस्थित करू शकेल. कलमाच्या मजकुरात मात्र ती मर्यादा दिसत नाही.

फौजदारी कायद्यात एक जुनी तरतूद आहे. असहाय व्यक्तीची सेवा करण्याचा करार करून ती हेतुपुरस्सर न करणाऱ्यास भारतीय दंड संहितेचे कलम 491 तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगत असे. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 मध्ये आली. दंडाची मर्यादा पाच हजार झाली. गुन्हा अदखलपात्रच राहिला, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. मारहाण, कोंडून ठेवणे, जीव धोक्यात घालणे यांसाठी निराळी कलमे आहेतच.

तक्रार पोहोचली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे मार्च 2017 मध्ये 19 भ्रूणांचे अवशेष सापडले, ते एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर. त्याआधीच्या वर्षी त्या रुग्णालयाविषयी निनावी तक्रार गेली होती, पाहणीही झाली होती आणि आक्षेपार्ह काही आढळले नव्हते, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. विषय वृद्धांचा नव्हता. परंतु बंद दारांआडच्या संस्थेविषयीची शंका आणि तिची चौकशी यांत किती अंतर पडू शकते, याचा तो जिल्ह्यातलाच दाखला आहे. निनावी पत्र लिहिणाऱ्यास पुन्हा काही विचारता येत नाही. पाहणी करणाऱ्याने काय पाहावयाचे हे पत्रात नसेल, तर तो खोल्या, फलक आणि नोंदवह्या पाहून परततो.

वृद्धांच्या बाबतीत ही अडचण अधिकच बिकट होते, कारण दुर्लक्ष आणि वार्धक्य यांच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हाताऱ्या त्वचेवर किंचित धक्क्यानेही काळानिळा डाग उमटतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास अधिकच. पाठीवर व माकडहाडाशी पडणारी जखम उत्तम शुश्रूषेतही कधी कधी होते. परंतु जखमा अनेक असणे, त्या खोल जाऊनही मलमपट्टी नसणे, कूस बदलल्याची नोंद नसणे, हे वार्धक्य नव्हे. दोन्ही दंडांवर सारखे उठलेले बोटांचे वळ, मनगटाभोवतीचा वण, दोन महिन्यांत सैल झालेले कपडे, दिवसाही न उतरणारी गुंगी, कोणी जवळ येताच अंग चोरणे, यांतील एकेक गोष्ट काहीच सिद्ध करीत नाही. एकत्र आल्यास चौकशीस पुरेशी असते. तक्रारीत म्हणून निष्कर्षापेक्षा निरीक्षण असावे. 'आजींचा छळ होतो' या वाक्यापेक्षा 'अमुक तारखेस दुपारी दोन वाजता उजवा हात चादरीने खाटेला बांधलेला होता' हे वाक्य तहसीलदाराच्या अधिक उपयोगी पडते. कळवणाऱ्याने गुन्हा सिद्ध करावयाचा नसतो. सबळ कारण दाखवले की त्याचे काम संपते.

तरीही माणसे गप्प राहतात. मदतनीस बाईचा पगार त्याच संस्थेतून येतो. नातेवाइकास भीती असते ती 'तर मग घेऊन जा तुमच्या आईला' या उत्तराची. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तिला नेणार कोठे? खुद्द वृद्धेस तर रात्र त्याच हातांखाली काढावयाची असते. अमेरिकेने या भीतीवर उपाय म्हणून 1972 पासून दीर्घकालीन शुश्रूषागृहांसाठी लोकपालाची योजना प्रयोगादाखल सुरू केली आणि 1978 मध्ये ती प्रत्येक राज्यास बंधनकारक केली. संस्थेचा नव्हे तर निवासी वृद्धाचा पक्ष घेणारा तो माणूस तक्रार नसतानाही फेरी मारतो. 2010 च्या कायद्याने तेथील सरकारी अनुदान घेणाऱ्या शुश्रूषागृहांच्या कर्मचाऱ्यांवर गुन्ह्याची शंका येताच कळवण्याचे बंधन घातले : गंभीर इजा असल्यास दोन तासांत, एरवी चोवीस तासांत.

आपल्याकडे त्या फेरीच्या जागी आज जे आहे ते असे : देशभर 2021 पासून चालू असलेली 14567 ही ज्येष्ठांची मदतवाहिनी, जिल्ह्याचा समाजकल्याण अधिकारी, संस्था सार्वजनिक न्यास असल्यास धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, आणि रुग्णशय्या व परिचारिका ठेवून ती शुश्रूषागृहासारखी चालत असल्यास नोंदणी करणारा आरोग्य अधिकारी, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत तो महापालिकेचा, अन्यत्र जिल्ह्याचा. यांपैकी कोणाकडेही गेले तरी त्याच मजकुराची एक प्रत कलम 7 चा स्पष्ट उल्लेख करून तहसील कार्यालयात द्यावी आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. इतरांनी अर्ज एकमेकांकडे वर्ग केला, तरी त्या पोचेच्या तारखेपासून एका अधिकाऱ्यावर तत्काळ पावले उचलण्याचे कर्तव्य पडलेले असते.