मोजपट्टी कोणाची? समलिंगी पुरुषांच्या लैंगिक तक्रारींचे मापन

कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी परिसरातील रुग्ण मधुमेह वा रक्तदाब मोकळेपणाने सांगतो. लैंगिक तक्रार मात्र निघता निघता, दाराशी पोहोचल्यावर. तो समलिंगी असेल तर बहुधा सांगतच नाही. म्हणून अशा तक्रारी मोजल्या कशा जातात, हे आमच्या हितचिंतकांस थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे वाटते.

ताठरतेच्या तक्रारींसाठी जगभर वापरली जाणारी १५ प्रश्नांची प्रश्नावली १९९७ साली प्रसिद्ध झाली. गेल्या चार आठवड्यांचा अनुभव विचारून तीत प्रत्येक उत्तरास गुण देतात. मात्र समागम म्हणजे स्त्रीशी योनिसंबंध, अशीच तिची व्याख्या आहे. परिणाम पाहा. ताठरतेच्या विभागात सहा प्रश्न, कमाल गुण ३०; २५ वा त्याहून कमी म्हणजे दोष. पैकी तीन प्रश्न थेट समागमाविषयी असून ‘प्रयत्न केला नाही’ या उत्तरास शून्य मिळते. म्हणजे पूर्ण निरोगी समलिंगी पुरुषाने प्रामाणिक उत्तरे दिली, तर उरलेल्या तीन प्रश्नांत त्यास फार तर १५ गुण मिळतील आणि कागदावर तो मध्यम तीव्रतेचा रुग्ण ठरेल! दोष मोजपट्टीचा, शिक्का मात्र त्याच्यावर. शिवाय गुदसंबंधातील वेदना ही त्याची खरी तक्रार असू शकते. तिच्याबद्दल एकही प्रश्न नाही. ही उणीव ओळखून २०१० च्या सुमारास एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांसाठी प्रश्नावलीचे सुधारित रूप तयार झाले.

आपल्याकडे या विषयाची दखल घेतली गेली ती मुख्यत्वे एचआयव्हीच्या निमित्ताने. मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने तपासणी व समुपदेशन या पुरुषांपर्यंत नेले. पण संसर्ग नाही म्हणजे तक्रार नाही, असे थोडेच असते! कलम ३७७ ची टांगती तलवार ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दूर झाली; घरातली भीती निकालाने जात नाही. वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर विवाह केलेला पुरुष ‘पत्नीजवळ जमत नाही’ एवढेच सांगतो. गोळी लिहून देणे सोपे. परंतु पहाटेची ताठरता शाबूत आहे काय, एकांतात अडचण येते काय, हे विचारल्यावाचून शरीराचा दोष कोणता आणि मनाची घुसमट कोणती, ते उमगत नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट चालू असल्यास तर तीच गोळी जिवावर बेतू शकते.

मराठीत प्रश्न विचारताना ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ म्हटले तरी पुष्कळ साधते. ‘समागम’ या शब्दाने रुग्णास काय अभिप्रेत आहे, तेही त्यालाच विचारून घ्यावे लागते. अशा वेळी सोबतच्या नातेवाइकांना बाहेर थांबण्याची विनंती केली जाते, आणि रुग्णाच्या संमतीवाचून त्याने दिलेली माहिती त्यांनाही सांगता येत नाही. कुटुंबीयांनी याचा कृपया राग मानू नये.