येवल्याचं रेशीम, कोंबडीचं पीस

दिवाळीच्या सुमारास ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे ओहळ निवळलेले असतात. त्र्यंबकला जाता-येता त्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करावा. ओल्या पाठीला चिकटलेले, चपट्या अंगाचे, बारीक शेपट्यांचे किडे सैरावैरा पळतात. ही मेफ्लायची पिल्लं, म्हणजे निम्फ. आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली जातो. पंख फुटल्यावर हाती उरतात ते जेमतेम एक-दोन दिवस.

पाण्याखालची पिल्लं आणि पंख फुटण्यासाठी वर येणारे किडे, यांची नक्कल, म्हणजे ‘माशी’, गळावर बांधायची कला यॉर्कशरच्या आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या नद्यांवर ट्राउट माशासाठी बहरली. डब्ल्यू. सी. स्टुअर्टने १८५७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. टी. ई. प्रिटने १८८५ मध्ये यॉर्कशरच्या माश्यांची नोंद केली. पुढे पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीचं प्रस्थ वाढलं आणि ही बुडणारी माशी मागे पडली. १९७५ मध्ये सिल्वेस्टर नेम्स या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाने तिला पुन्हा उजेडात आणलं.

साहित्य किती लागतं? ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ ही माशी घ्या. चौदा नंबरचा गळ, नारिंगी रेशमाचा धागा आणि पार्ट्रिज पक्ष्याचं एक पीस, बस्स. धाग्याला मेण लावायचं. गळाच्या डोळ्यापासून मागे एकेक वेढा शेजारी-शेजारी बसवत वाकाच्या अलीकडे थांबायचं आणि तसंच पुढे परतायचं. मग पीस टोकाकडून बांधून दोन वेढे द्यायचे. तिसरा नको. दाट पीस हलत नाही, आणि माशीचा जीव त्या हलण्यातच आहे. ओलं झालं की रेशीम गडद होतं, हेही बांधणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेलं असतं.

निम्फची गोष्ट वेगळी. विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने धागाच वगळला. तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू एवढ्यावर त्याने निम्फ बांधली. पायसुद्धा लावले नाहीत, कारण पोहणारं पिल्लू पाय अंगाशी घट्ट धरतं, हे त्याने नदीकाठी पाहिलं होतं. इतक्या बारकाईने पाहणं हीच या कलेची खरी श्रीमंती.

या कलेत सह्याद्रीचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची मेणचट पिवळसर ठिपक्यांची पिसं सामन माशासाठीच्या माश्यांवर ‘डोळे’ म्हणून बसत. ब्रिटनच्या बाजारात त्यांना मोठा भाव होता. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांच्या कातड्या-पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज रानातल्या रानकोंबड्याचं किंवा तितराचं पीस माशीसाठी मिळवणं गुन्हा आहे, आणि तसाच तो असायला हवा.

महाराष्ट्रात ट्राउट नाही. त्याला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्कॉटलंडच्या अंड्यांतून काश्मिरात आला. नाशिककराला त्यासाठी लिद्दर किंवा तीर्थन नदीच गाठावी लागते. आपला मानाचा मासा महसीर. त्याची दख्खनी जात कर्नल साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेच्या पाण्यातून शास्त्राला ओळखीची करून दिली.

माशी मात्र इथे घरबसल्या बांधता येते. येवल्यात पैठणीसाठी लागणारं रेशीम मिळतं. त्याचा एक पदर सुटा करून मेण लावला की काम भागतं. पीस कोंबडीच्या मानेचं, कोंबड्याचं नव्हे. कोंबड्याचं ताठ पीस तरंगणाऱ्या माशीला शोभतं. बुडणारीला मऊच हवं.

पारख सोपी आहे. बांधलेली माशी पाण्याच्या पेल्यात बुडवून चिमटीने हळूच ओढायची. ओढताना पिसाचे तंतू गळाला लगटतात. ओढ थांबली की ते पुन्हा एकेक करून उमलतात.